रस्त्याचे देणे कोणाचे?

महाराष्ट्रात ज्याला सर्रास ‘रोड टॅक्स’ म्हटले जाते, त्या नावाचा कर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. १९५८ च्या अधिनियमानुसार जो वसूल होतो तो मोटार वाहन कर, आणि तो रस्त्यावर नसून वाहनावर आहे. हा भेद वरवर पाहता शब्दांचा कीस वाटेल. परंतु मोटारमालक रस्त्याचे मोल मोजतो आणि सायकलस्वार तो फुकट वापरतो ही जी समजूत शहरांतून पक्की रुजली आहे, तिचे मूळ या एका शब्दात आहे. महापालिकेने सायकलींसाठी वेगळी मार्गिका आखली, किंवा रस्त्याकडेचे पार्किंग काढून पदपथ रुंद केला, की आक्षेप ठरलेला असतो: रस्त्याचे पैसे गाडीवाले भरतात, सायकलवाले काय भरतात? प्रश्न रोखठोक आहे आणि झटकून टाकण्यासारखाही नाही; मात्र त्याचे उत्तर द्यायचे तर रस्त्यासाठी लागणारा पैसा नेमका कोणत्या वाटेने येतो हे आधी पाहावे लागते.

वाहन चालवणाऱ्यांकडून रस्त्यांसाठी वेगळे पैसे घ्यावेत ही कल्पना भारतात रुजवण्याचे श्रेय एका मराठी माणसाच्या नेतृत्वाखालील समितीकडे जाते. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढू लागली आणि प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या तुटपुंज्या उत्पन्नातून रस्त्यांची निगा राखणे अशक्य होऊ लागले, तेव्हा १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने १९२८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार पेट्रोलवरील कर गॅलनमागे दोन आण्यांनी वाढवण्यात आला आणि त्या उत्पन्नातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. यामागील तर्क सरळ होता: जो जितकी गाडी पळवील तितके पेट्रोल जाळील, म्हणून पेट्रोल हेच रस्त्याच्या वापराचे माप मानावे. गंमत अशी की त्या काळी रस्ता उखडण्याचा ठपका सायकलीवर नव्हे, तर लोखंडी धावेच्या बैलगाडीवर ठेवला जात असे, कारण अरुंद धाव खडीच्या रस्त्यात चाकोरी पाडते ही अभियंत्यांची नित्याची तक्रार होती.

असाच निधी ब्रिटनमध्ये त्याआधीच, म्हणजे १९०९ च्या अर्थसंकल्पातून, सुरू झाला होता आणि त्याचे पुढे जे झाले ते बोलके आहे. वाहनधारकांकडून रस्त्यांच्या नावाने गोळा झालेला पैसा अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी १९२६ च्या सुमारास सरकारच्या सर्वसाधारण खर्चाकडे वळवण्यास सुरुवात केली, आणि १९३७ मध्ये कर व रस्ता यांचा संबंध तोडण्यात आला. त्यानंतर कित्येक दशके लोटली, तरी ‘आम्ही रोड टॅक्स भरतो’ हे वाक्य तेथील मोटारचालकांच्या तोंडून गेलेले नाही. शब्दाचे आयुष्य कायद्याच्या आयुष्यापेक्षा मोठे असते, याचा हा नमुना.

भारतातील निधीला २००० मध्ये स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला आणि पेट्रोल-डिझेलवरील रस्ते उपकर त्यात जमा होऊ लागला. उपकर म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी मूळ करावर किंवा वस्तूवर लावलेला जादा कर. परंतु २०१८ मध्ये या निधीचे नाव केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी असे झाले आणि नावाबरोबर त्याची व्याप्तीही बदलली, त्यामुळे आता रेल्वे, जलमार्ग, विमानतळ अशा इतर सुविधांसाठीही तो वापरता येतो. शिवाय इंधनावरील कराचा मोठा भाग या निधीत जातच नाही. मे २०२२ मधील कपातीनंतर पेट्रोलवर लिटरमागे १९ रुपये ९० पैसे केंद्रीय उत्पादन शुल्क उरले होते, त्यांपैकी रस्ते व पायाभूत सुविधा उपकर होता केवळ ५ रुपये. डिझेलच्या १५ रुपये ८० पैशांत तो २ रुपये होता. उरलेले पैसे सरकारच्या सर्वसाधारण जमेत किंवा कृषी सुविधांसारख्या अन्य उपकरांत जातात, म्हणजे त्यांतून शाळा, संरक्षण, अनुदाने, व्याज यांपैकी काहीही भागवले जाऊ शकते.

राज्याच्या कराची कथा याहून रंजक आहे. महाराष्ट्र सरकार इंधनावर मूल्यवर्धित कर घेते आणि त्याखेरीज लिटरमागे ठरावीक रकमेचा अधिभारही घेते. ऑक्टोबर २०१५ मध्ये या अधिभारात दोन रुपयांची वाढ झाली ती दुष्काळनिवारणासाठी; महामार्गांलगतची मद्यविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद पडल्यावर एप्रिल २०१७ मध्ये तो पेट्रोलवर आणखी तीन रुपयांनी वाढला, तो मद्यावरील करात येणारी तूट भरून काढण्यासाठी. दुष्काळ आणि दारू या दोन्ही कारणांसाठी पेट्रोलचा नळ सोडता येतो, तेव्हा पेट्रोलवरचा कर हे रस्त्याचे भाडे असल्याचा दावा कितपत टिकतो, हे वेगळे सांगायला नको.

न्यायालयांतही हा दावा दीर्घकाळ तपासला गेला आहे. राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशभरातील व्यापार व दळणवळण मुक्त ठेवले आहे. मग राज्ये वाहनांवर कर लावून त्या मुक्ततेला आडकाठी करतात की काय, असा प्रश्न राजस्थानच्या एका खटल्यात उपस्थित झाला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की वाहनकर हा प्रतिपूर्तीचा कर आहे, म्हणजे वाहनधारकाला रस्त्याची जी सोय मिळते तिचा तो मोबदला आहे, आणि म्हणून तो व्यापारमुक्ततेच्या आड येत नाही. मोटारमालकाच्या युक्तिवादाला याहून भक्कम आधार मिळणे कठीण होते. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने जिंदाल स्टेनलेस प्रकरणात हा प्रतिपूर्तीचा सिद्धांतच बहुमताने मोडीत काढला: कर हा कर असतो, तो देणाऱ्याला त्याच्या बदल्यात अमुक सेवा मिळालीच पाहिजे असे कायदा मानत नाही. म्हणजे मोटारमालक भरतो ती रक्कम कमी नसली, तरी तिच्यामुळे रस्त्यावर त्याचा वेगळा हक्क निर्माण होत नाही.

ही रक्कम खरोखरच कमी नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. दहा लाख रुपयांपर्यंतची पेट्रोलवर चालणारी मोटार महाराष्ट्रात नोंदवताना किमतीच्या ११ टक्के एकरकमी कर द्यावा लागतो, त्यावरच्या किमतींना तो १२ व १३ टक्के होतो आणि डिझेलच्या गाड्यांना त्याहून दोन टक्के अधिक. खरेदीवरचा वस्तू व सेवा कर वेगळाच. पेट्रोलियम क्षेत्रातून केंद्र आणि राज्ये यांच्या तिजोऱ्यांत २०२३-२४ मध्ये सर्व प्रकारे मिळून सुमारे साडेसात लाख कोटी रुपये आले, तर त्याच वर्षाच्या अर्थसंकल्पात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयासाठी २ लाख ७० हजार कोटी रुपयांच्या आसपास तरतूद होती. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे बरोबर नाही, कारण पहिल्यात तेल कंपन्यांचा प्राप्तिकर, स्वामित्वधन, लाभांश असे बरेच काही मिसळलेले आहे आणि दुसऱ्यात राज्यांचा व पालिकांचा रस्तेखर्च धरलेला नाही; तरीही मोटारचालक समाजावर बसून खातो असे म्हणण्यास त्यांतून आधार मिळत नाही. देशाच्या एकूण जमाखर्चात तो मोठा करदाता आहे. अडचण आहे ती त्याच्याकडून घेतला जाणारा कर कशाच्या मापाने मोजला जातो यात, आणि ज्या रस्त्यांवरून भांडण होते त्या रस्त्यांपर्यंत तो किती पोहोचतो यात.

भारतातील एकूण रस्त्यांची लांबी सुमारे ६३ लाख किलोमीटर असून तीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन-अडीच टक्के आहे. सायकल ज्या रस्त्यांवर चालते ते बहुतेक सगळे उरलेल्या वर्गांत मोडतात: गल्ल्या, पेठांतले रस्ते, गावाला तालुक्याशी जोडणारे रस्ते. शहरातील रस्ते महापालिका बांधते, आणि महापालिकेचे उत्पन्न मालमत्ता कर, बांधकाम परवान्यांचे शुल्क व सरकारी अनुदाने यांतून येते. मुंबईत मालमत्ता कराच्या देयकात सर्वसाधारण कर, जल कर, वृक्ष उपकर यांच्या ओळीत ‘पथकर’ नावाचा एक रकाना असतो. टोलनाक्यावरच्या पथकराशी त्याचा संबंध नाही, तो मालमत्तेच्या किमतीवर आकारला जातो आणि मालकाच्या दारात गाडी आहे की नाही याची चौकशी त्यात होत नाही. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना तेथे २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे हे खरे, पण महापालिकेच्या तिजोरीचा दुसरा मोठा आधार असलेली जकातीची भरपाई, जकात बंद झाल्यावर म्हणजे जुलै २०१७ पासून, वस्तू व सेवा कराच्या संकलनातून राज्य सरकार देते, आणि हा कर साबणापासून चपलेपर्यंत खरेदी करणारा प्रत्येक जण भरत असतो. खुद्द सायकलीवरही तो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

तेव्हा घरासमोरच्या रस्त्याचे पैसे सायकलस्वार भरतोच. उलट त्याने भरलेल्या पैशांतून त्याला काय मिळते, हा प्रश्न अधिक टोकदार आहे. मुंबईचा किनारा रस्ता महापालिकेने स्वतःच्या निधीतून बांधला. सुमारे साडेदहा किलोमीटरच्या या मार्गावर १३ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला, आणि त्यावर टोल नाही. समुद्राकाठचा विहारपथ सोडला, तर दुचाकी, तीनचाकी आणि सायकल यांना या मार्गावर मनाई आहे. बस जाऊ शकते, पण रस्त्याचा मुख्य लाभ मोटारीतून जाणाऱ्याला मिळतो. वेगवान मार्गावर हळू चालणारी वाहने नसावीत हा सुरक्षिततेचा नियम योग्यच आहे. परंतु खर्च सर्वांचा, प्रवेश काहींना आणि त्या काहींकडूनही वेगळे शुल्क नाही, अशी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यात ‘फुकट वापरणारा’ कोण हे ठरवणे अवघड नाही.

टोल हे खरे तर रस्त्याच्या वापराचे सर्वांत प्रामाणिक माप आहे, कारण तो वापरणाऱ्याकडून, वापरल्यावरच घेतला जातो. महाराष्ट्रात मात्र त्याच्या वसुलीतील गैरव्यवहारांच्या आरोपांमुळे तो इतका अप्रिय झाला की निवडणुकांच्या सुमारास टोलमाफीची घोषणा हे हमखास राजकीय अस्त्र बनले. २०१५ मध्ये राज्यातील १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीच्या गाड्यांना माफी मिळाली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. ठेकेदाराचे बुडालेले उत्पन्न अशा वेळी आकाशातून पडत नाही. ते राज्याच्या तिजोरीतून द्यावे लागते किंवा ठेक्याची मुदत वाढवून उरलेल्या, म्हणजे मुख्यतः मालवाहू, वाहनांकडून काढावे लागते. टोलमाफीचा जल्लोष करणारा मोटारचालक आपल्या वाट्याचे देणे गडचिरोलीच्या शेतमजुरावरही थोडेसे ढकलत असतो, एवढी गोष्ट त्या जल्लोषात कोणी बोलत नाही.

पैसा कोण देतो याबरोबर रस्ता कोण झिजवतो हेही मोजता येते, आणि ते मोजलेही गेले आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून वेगवेगळ्या वजनांचे ट्रक लक्षावधी वेळा फिरवून त्यांचे परिणाम नोंदवण्यात आले. त्यांतून जो ढोबळ नियम निघाला तो असा की, रस्त्याचे नुकसान आसावरील भाराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. आस म्हणजे चाके ज्यावर फिरतात तो दांडा, ज्याला गॅरेजमध्ये ॲक्सल म्हणतात. आणि चतुर्थ घात म्हणजे एखादी संख्या चार वेळा घेऊन केलेला गुणाकार, त्यामुळे भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट न होता सोळापट होते. स्वारासह शंभर किलोच्या सायकलीत एका आसावर पन्नास किलो येतात आणि माणसांसह चौदाशे किलोच्या मोटारीत सातशे. भार चौदापट, तर नुकसान अडतीस हजार पटींहून अधिक. साडेदहा टन आसभाराच्या ट्रकची तुलना मोटारीशी केली तर तोच गुणाकार पन्नास हजारांच्या पुढे जातो. इतक्या हलक्या भारांना हा नियम तंतोतंत लागू पडतो असे नाही, आणि भारतात रस्ते भाराइतकेच साचलेल्या पाण्याने व केबलसाठी खणलेल्या चरांनीही खचतात. तरीही सायकलमुळे होणारी झीज हिशेबात धरण्याजोगी नाही, हे निर्विवाद आहे.

मोटारीमुळे होणारी झीजही फारशी हिशेबात धरली जात नाही, हे मात्र मोटारमालकाच्या बाजूने मांडले पाहिजे. डांबरी रस्त्यांची जाडी ठरवण्यासाठी भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था जे मानक वापरते, त्यात तीन टनांहून कमी वजनाची वाहने वगळलेलीच असतात. रस्ता फोडतो तो अवजड वाहतूकदार, आणि त्याला सवलतीही मिळत राहतात: जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ दिसते तेरा टक्क्यांची; चतुर्थ घाताच्या हिशेबाने त्या आसाखालचे नुकसान साठ टक्क्यांनी वाढते. अर्थात ट्रकमधून येतो तो कांदा आणि सिमेंट, आणि ती झीज वस्तूंच्या किमतींतून सायकलस्वारासह सर्वांनीच सोसणे काही प्रमाणात न्याय्य आहे.

मग मोटारीचे देणे कशाचे? ते जागेचे आहे. शहरातील रस्ता झिजून अपुरा पडत नाही, तो भरून अपुरा पडतो, आणि उड्डाणपूल, रुंदीकरण, भूसंपादन हे अवाढव्य खर्च त्या गर्दीपोटी करावे लागतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या कोष्टकात मोटार एक एकक धरली, तर सायकल ०.४ ते ०.५ आणि बस किंवा ट्रक २.२ ते ३.७ एकके जागा व्यापतो. सायकलीचे हे माप तिच्या आकाराच्या मानाने मोठे आहे, कारण कोष्टक तिच्या संथपणाचीही किंमत लावते. सायकलप्रेमींनी हा आकडा लपवू नये. पण धावणारी मोटार एकक असली तरी तिचा बहुतेक दिवस उभे राहण्यातच जातो, आणि तेव्हा ती किमान अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन अडवते. मुंबई-पुण्यात तेवढ्या जागेचे भाडे काय पडते हे घर शोधणाऱ्याला विचारावे. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये रस्त्यावरील पार्किंगला शुल्क लावण्याचे धोरण आणले, तेव्हा मोठी ओरड झाली आणि मोजक्या रस्त्यांवरील प्रयोगापुरते ते आखडले गेले. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या शहरात आज सायकलमार्गांवर उभ्या केलेल्या दुचाकी-चारचाकी दिसतात, आणि त्याही फुकट.

सायकलीवर थेट कर लावावा, असा उपायही काही जण सुचवतात. तो नवा नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५७ व्या क्रमांकाची नोंद वाहने यांत्रिक असोत वा नसोत, त्यांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना देते. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातही वाहने, होड्या आणि जनावरे यांवरील कराची तरतूद आहे. अनेक नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेऊन पितळी बिल्ला देत असत, आणि बिल्ला नसलेली सायकल अडवली जाई. रकमा किरकोळ आणि त्या गोळा करायला माणसे भरपूर, असा तो मामला होता. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल आणि ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार असल्याची नोंद आहे. घराबाहेर कामाला जाणाऱ्यांत सायकलने जाणारे मोटारीने जाणाऱ्यांच्या कित्येक पट होते. यांतील बहुतेक सायकली छंदाच्या नसून पोटासाठीच्या आहेत, तेव्हा बिल्ल्याचे पुनरुज्जीवन म्हणजे दूधवाला, वॉचमन आणि शाळेत जाणारी मुलगी यांच्याकडून वसुली.

हिशेबात एक रकाना असा आहे की त्याची भरपाई कोणत्याच कराने होत नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी ३२ हजार ८२५, म्हणजे जवळपास दर पाचांतील एक, पायी चालणारी होती.

जयकरांच्या समितीने बसवलेले पेट्रोलचे माप आता आणखी एका कारणाने निकामी होत आहे. विजेवर चालणारी मोटार इंधनावरील उपकर देत नाही. विजेवर शुल्क असते, पण ते घरातल्या पंख्यालाही असते. महाराष्ट्रात अशा मोटारींना मोटार वाहन करही माफ आहे. तीस लाखांहून महागड्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आला आणि त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. धूर कमी व्हावा म्हणून दिलेली ही सूट समर्थनीय असली, तरी मोठ्या बॅटरीमुळे ही मोटार जड असते, जागा तेवढीच घेते आणि गर्दीत तेवढीच भर घालते. मोटारीच्या किमतीवर आणि इंधनावर कर लावण्याऐवजी तिचे वजन, तिने कापलेले अंतर आणि गर्दीच्या वेळी तिने अडवलेली जागा यांवर आकार लावणे हाच न्याय्य मार्ग आहे, आणि त्याच्या वसुलीला उपयोगी पडेल असा, टोल आपोआप कापणारा फास्टॅग आज बहुतेक मोटारींच्या काचेवर आधीच चिकटवलेला आहे. राज्याची पावले सध्या उलट दिशेने पडत आहेत: मुंबई व नवी मुंबई यांना जोडणाऱ्या अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारीला टोल नाही, आणि सायकलीला तेथे प्रवेशच नाही.